रॅगिंग : प्रतिबंधाचा इतिहास व चंद्रपूर-गडचिरोली जिल्हे

रॅगिंग : शिक्षणसंस्थेत नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्यास जुन्या विद्यार्थ्यांनी ओळख, थट्टा किंवा शिस्त या नावाखाली दिलेला शारीरिक वा मानसिक त्रास म्हणजे रॅगिंग. हा मूळचा इंग्रजी शब्द मराठीत त्याच रूपात रूढ झाला असून अमेरिकेत याच प्रकारास हेझिंग म्हणतात. नवागतास हास्यास्पद हावभाव करावयास लावणे, शिवीगाळ करणे, रात्र रात्र जागविणे, जुन्या विद्यार्थ्यांचे लेखनकाम वा खाजगी कामे करवून घेणे, त्यांच्या खर्चाचा भार त्याच्यावर टाकणे, कपडे उतरविण्यास भाग पाडणे, मारहाण करणे अशी त्याची अनेक रूपे आहेत. त्यांतील काही वरवर निरुपद्रवी वाटतात. परंतु नकार देण्याच्या स्थितीत नसलेल्या व्यक्तीवर ती लादलेली असतात, हे त्या सर्वांचे समान लक्षण होय.

रॅगिंगविरुद्धच्या नियमांच्या इतिहासात दोन प्रश्न सातत्याने आढळतात. कोणते वर्तन निषिद्ध मानावे, हा पहिला प्रश्न. आणि ते घडल्यास त्याची खबर कोणी, कोणास व किती मुदतीत द्यावी, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर फार पूर्वीच मिळाले होते. दुसऱ्याचे उत्तर मात्र टप्प्याटप्प्याने सिद्ध झाले. प्रारंभी तक्रारीचा सर्व भार पीडित विद्यार्थ्यावरच असे. पुढे तो क्रमाने संस्थाप्रमुख, वसतिगृहाचे अधीक्षक, विद्यापीठ आणि जिल्हा प्रशासन यांच्याकडे सरकत गेला. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचे चंद्रपूर व गडचिरोली हे वनप्रधान जिल्हे या स्थित्यंतराचा अर्थ समजून घेण्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. घरापासूनचे अंतर, भाषेतील भेद, वसतिगृहावरील अवलंबित्व आणि पोलीस ठाण्याविषयीचे भय या चारही गोष्टी येथे एकत्र आल्या आहेत. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच तक्रार करावी, हा सामान्य नियम अशा परिस्थितीत अपुरा पडतो.

पूर्वेतिहास : नवागतांच्या छळास बंदी करणारी एक प्राचीन राजाज्ञा रोमन सम्राट जस्टिनियन याची आहे. इ. स. ५३३ मध्ये विधिशिक्षणाची पुनर्रचना करताना त्याने कॉन्स्टँटिनोपल व बेरिटस (आधुनिक बेरूत) येथील विधीच्या विद्यार्थ्यांना अध्यापकांची वा सहाध्यायांची, विशेषतः नवख्या विद्यार्थ्यांची, हीन प्रकारची थट्टा करण्यास मनाई केली. मनाईबरोबरच तिच्या अंमलबजावणीची जबाबदारीही त्याने नेमून दिली. राजधानीत ती नगराधिपतीकडे होती, तर बेरिटस येथे प्रांताधिपती, बिशप आणि विधीचे अध्यापक या तिघांकडे होती. नियमभंगावर लक्ष ठेवण्याचे काम विद्यार्थ्यांवर न सोपविता पदधारकांवर सोपविण्याची कल्पना अशा रीतीने सुमारे दीड हजार वर्षे जुनी ठरते.

मध्ययुगीन यूरोपीय विद्यापीठांत नवागतास पिवळ्या चोचीचे पिल्लू अशा अर्थाच्या नावाने संबोधीत आणि त्याच्याकडून मेजवानीसाठी पैसे उकळीत. चौदाव्या शतकात पॅरिस विद्यापीठाने या वसुलीवर निर्बंध घातले. जर्मन विद्यापीठांत नवागतास शिंगे लावून ती करवतीने कापण्याचा आणि त्याच्या अंगावरून रंधा फिरविण्याचा विधी रूढ होता. अडाणी पशूचा संस्कारित माणूस बनतो, असे त्यातून सूचित करावयाचे असे. सतराव्या शतकात तेथील प्रॉटेस्टंट विद्यापीठांत या प्रथेस गुलामीचे रूप आले. जुना विद्यार्थी नव्याचे पैसे, कपडे व श्रम यांवर वर्षभर हक्क सांगू लागला. एका विद्यापीठातून काढलेला विद्यार्थी दुसऱ्यात प्रवेश मिळवीत असल्याने एकेकट्या विद्यापीठाची बंदी निष्फळ ठरत होती. हद्दपार केलेल्यास इतरत्र प्रवेश देऊ नये, असे विद्यापीठांनी आपापसांत ठरविल्यानंतर आणि राज्यकर्त्यांनी त्यास पाठिंबा दिल्यानंतरच त्या शतकाच्या उत्तरार्धात ही प्रथा ओसरली. महाराष्ट्राच्या १९९९ च्या अधिनियमातील पाच वर्षांच्या प्रवेशबंदीमागेही हेच तत्त्व आहे.

इंग्लंडमधील निवासी शाळांत लहान मुलाने मोठ्याची चाकरी करण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकात शिस्तीचा भाग मानली जाई. अमेरिकेत नाविक अकादमीतील प्रकारांवरून तेथील काँग्रेसने १८७४ मध्ये बंदीचा कायदा केला आणि १८९४ मध्ये न्यूयॉर्क राज्याने सर्वसाधारण कायदा संमत केला. दक्षिण आशियात श्रीलंकेने १९९८ मध्ये रॅगिंगविरोधी स्वतंत्र अधिनियम केला. अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या संघीय कायद्याने महाविद्यालयांवर अशा घटनांची मोजदाद करून ती वार्षिक सुरक्षा-अहवालात प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले. शिक्षेपेक्षा खबर व नोंद यांना अधिक महत्त्व देण्याची ही अलीकडील प्रवृत्ती होय.

भारतातील प्रसार : ब्रिटिश अमदानीत निवासी शाळा, लष्करी प्रशिक्षणसंस्था आणि इंग्रजी वळणाची काही महाविद्यालये यांतून ही प्रथा भारतात आली, असे सामान्यतः मानले जाते. स्वातंत्र्योत्तर काळात अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालये वाढली, दूरदूरचे विद्यार्थी एका वसतिगृहात राहू लागले आणि तिचा प्रसार झाला. दीर्घ काळ ती अंगवळणी पडलेली गंमत समजली गेली. जो विद्यार्थी पहिल्या वर्षी त्रास सोसतो तोच पुढील वर्षी तो देतो, आणि आपण सोसले ते इतरांनीही सोसावे, या भावनेने साखळी पुढे चालू राहते. पीडित विद्यार्थी उद्याचा अधिकारी असल्याने त्याचे मौन सहज मिळते. हे मौन हाच तिचा खरा आधार होय.

कर्नाटकाच्या १९८३ च्या शिक्षण अधिनियमात रॅगिंगची व्याख्या व शिक्षा अंतर्भूत होती. तो १९९५ पासून अंमलात आला. तमिळनाडूत १९९६ मध्ये पहिल्या वर्षाच्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याच्या खुनाने देशभर खळबळ उडाली आणि १९९७ मध्ये त्या राज्याने स्वतंत्र अधिनियम केला. आंध्र प्रदेश (१९९७), केरळ (१९९८) व महाराष्ट्र (१९९९) या राज्यांनी त्याचे अनुकरण केले.

सर्वोच्च न्यायालयाने ४ मे २००१ रोजी विश्व जागृती मिशनच्या याचिकेवर मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. रॅगिंग रोखण्याची प्राथमिक जबाबदारी संस्थेची आहे, असे त्यांत स्पष्ट केले होते. मात्र विद्यार्थ्यांना शक्यतो गुन्हेगार म्हणून वागवू नये आणि प्रकार आटोक्याबाहेर गेल्यास वा दखलपात्र गुन्हा घडल्यासच पोलिसांकडे जावे, असा त्यांचा कल होता. हा संयम पुढे टिकला नाही. २००६ मध्ये केरळ विद्यापीठाच्या प्रकरणात न्यायालयाच्या निर्देशाने केंद्रीय अन्वेषण विभागाचे माजी संचालक आर. के. राघवन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिच्या २००७ मधील अहवालानंतर न्यायालयाने पोलिसांकडे गुन्हा नोंदविण्यावर भर दिला. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला आणि नियमांना अखिल भारतीय रूप देण्याची निकड पटली. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने आपले विनियम जारी केले.

महाराष्ट्राचा अधिनियम (१९९९) : महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंधक अधिनियमाची व्याख्या व्यापक आहे. ज्या कृतीमुळे विद्यार्थ्यास शारीरिक वा मानसिक इजा पोहोचते किंवा पोहोचण्याचा संभव असतो, अथवा त्याच्या मनात भीती, लज्जा वा संकोच उत्पन्न होतो, अशी बेशिस्त वर्तनाची प्रत्येक कृती तीत येते. चिडविणे, शिव्या देणे, धमकी देणे, तसेच विद्यार्थी एरवी स्वेच्छेने करणार नाही अशी गोष्ट त्यास करावयास सांगणे यांचा तीत स्पष्ट उल्लेख आहे. बंदी संस्थेच्या आवारात आणि आवाराबाहेरही लागू आहे. रॅगिंग करणारा, त्यात भाग घेणारा, त्यास प्रोत्साहन देणारा व त्याचा प्रसार करणारा हे सर्व सारखेच दोषी ठरतात. दोषसिद्धी झाल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. विद्यार्थ्यास संस्थेतून काढून टाकण्यात येते आणि त्या आदेशापासून पाच वर्षे त्यास अन्य कोणत्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश मिळत नाही.

अधिनियमाचे सहावे व सातवे कलम खबर देण्याच्या कर्तव्याविषयी आहे. विद्यार्थी, त्याचे आईवडील वा पालक किंवा संस्थेतील शिक्षक यांपैकी कोणीही लेखी तक्रार केल्यास संस्थाप्रमुखाने सात दिवसांच्या आत चौकशी केली पाहिजे. तक्रारीत सकृद्दर्शनी तथ्य आढळल्यास आरोपित विद्यार्थ्यास निलंबित करून ती ताबडतोब संबंधित पोलीस ठाण्याकडे पाठविली पाहिजे; तथ्य नसल्यास तसे तक्रारदारास लेखी कळविले पाहिजे. हे करण्यात कसूर करणाऱ्या प्रमुखाने अपराधास अपप्रेरणा दिली असे मानण्यात येते आणि दोष सिद्ध झाल्यास रॅगिंग करणाऱ्याइतकीच शिक्षा त्यासही होऊ शकते. प्रमुखाचे मौन हाच अपराध ठरविणारी ही तरतूद अधिनियमाचे वैशिष्ट्य होय. तथापि या यंत्रणेस गती मिळण्यासाठी प्रथम कोणी तरी लेखी तक्रार करावी लागते, ही तिची मर्यादा आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम (२००९) : ही मर्यादा आयोगाच्या विनियमांनी पुष्कळ अंशी दूर केली. त्यांनुसार रॅगिंगची माहिती कोणत्याही मार्गाने मिळताच संस्थाप्रमुखाने दंडविधीखालील अपराध घडला आहे काय, हे ठरवावयाचे असते. तसे असल्यास स्वतः किंवा प्राधिकृत व्यक्तीमार्फत २४ तासांच्या आत पोलिसांकडे प्रथम खबर नोंदवावयाची असते. त्याच वेळी जिल्हा पातळीवरील समिती व संलग्नकर्त्या विद्यापीठाचा समन्वय अधिकारी यांस कळवावे लागते. पोलीस तपासाची वाट न पाहता संस्थेने आपली चौकशी सात दिवसांत पुरी करावयाची असते. १९९९ च्या अधिनियमात तक्रार ते चौकशी असा क्रम होता. २००९ च्या विनियमांत माहिती ते खबर असा क्रम आला. विनियमांत उल्लेखिलेले भारतीय दंड संहितेखालील अपराध १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या आधारे पाहावे लागतात.

विनियमांची दुसरी बाजू प्रतिबंधाची आहे. प्रवेश घेताना विद्यार्थी व पालक या दोघांनाही आपण कृतीने वा अकृतीने रॅगिंगला हातभार लावणार नाही, असे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. वसतिगृहात राहू इच्छिणाऱ्यास आणखी एक द्यावे लागते. अकृतीचा हा उल्लेख महत्त्वाचा आहे, कारण डोळ्यांदेखत घडणाऱ्या प्रकाराकडे दुर्लक्ष करणाऱ्यासही त्यामुळे जबाबदारीची जाणीव दिली जाते. नवागतास दिल्या जाणाऱ्या पत्रकात वरिष्ठांनी आज्ञा केली तरी इच्छेविरुद्ध काहीही करण्यास तो बांधील नाही, हे नमूद करावे लागते. खबर देणाऱ्याची ओळख गुप्त ठेवण्याची आणि खबर दिली एवढ्याच कारणाने त्यास त्रास होणार नाही, याची हमी विनियम देतात. खानावळीतील सेवकांपासून अधीक्षकापर्यंत सर्व कर्मचाऱ्यांनी असे प्रकार कळवावेत, अशीही अपेक्षा आहे. विनियमांची व्याप्ती वर्ग, वसतिगृह, क्रीडांगण व उपाहारगृह यांपुरती नसून विद्यार्थी ज्या वाहनांतून प्रवास करतात ती सार्वजनिक व खाजगी वाहनेही तीत येतात.

प्रत्येक संस्थेत प्रमुखाच्या अध्यक्षतेखाली रॅगिंगप्रतिबंधक समिती असते. तीत पोलीस व मुलकी प्रशासन, स्थानिक वृत्तपत्रे, स्वयंसेवी संस्था, पालक, शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी आणि नवे व जुने विद्यार्थी यांचे प्रतिनिधी असतात. अचानक पाहणी करण्यासाठी पथक असते. दर सहा नवागतांमागे एक जुना विद्यार्थी मार्गदर्शक म्हणून नेमावयाचा असतो. संलग्न महाविद्यालयाच्या प्रमुखाने शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत दर आठवड्यास व त्यानंतर दर महिन्यास कुलगुरूंकडे अहवाल पाठवावयाचा असतो. कुलगुरूंनी दर पंधरवड्यास राज्यस्तरीय कक्षाकडे अहवाल द्यावयाचा असतो. जिल्हा समितीचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याकडे असते. दोषी विद्यार्थ्यास निलंबन, शिष्यवृत्ती रोखणे, परीक्षेस बंदी, वसतिगृहातून निष्कासन, प्रवेश रद्द करणे अशा शिक्षा होऊ शकतात. कसूर करणाऱ्या महाविद्यालयाची संलग्नता वा अनुदान काढून घेता येते. अहोरात्र चालणारा १८००-१८०-५५२२ हा निःशुल्क दूरध्वनीही त्याच वर्षी सुरू झाला. वैद्यकीय शिक्षणासाठी स्वतंत्र विनियम असून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ते २०२१ मध्ये नव्याने केले.

२०१६ च्या दुरुस्तीने व्याख्येत मोलाची भर पडली. वर्ण, वंश, धर्म, जात, लिंग, रूप, प्रादेशिक मूळ, भाषिक ओळख, जन्मस्थान, वास्तव्याचे ठिकाण वा आर्थिक पार्श्वभूमी यांवरून केलेला शारीरिक वा मानसिक छळ हाही रॅगिंग ठरला. आदिवासी विद्यार्थ्यांच्या दृष्टीने या दुरुस्तीचे महत्त्व मूळ विनियमांहून कमी नाही. मे २०१९ मध्ये मुंबईतील एका वैद्यकीय महाविद्यालयातील आदिवासी समाजाच्या पदव्युत्तर विद्यार्थिनीच्या मृत्यूनंतर तीन वरिष्ठ सहकाऱ्यांवर गुन्हा दाखल झाला. त्यात १९९९ च्या अधिनियमाबरोबर अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियमाखालील आरोपही होते. रॅगिंग आणि सामाजिक भेदभाव यांतील सीमारेषा किती पुसट असू शकते, हे या प्रकरणाने महाराष्ट्राच्या नजरेस आणले.

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील उच्च शिक्षण : पूर्वी चांदा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा निर्माण झाला. गडचिरोलीचे क्षेत्रफळ १४,४१२ चौ. किमी. असून त्याचा बहुतेक भाग वनव्याप्त आहे. चंद्रपूरचे क्षेत्रफळ ११,४४३ चौ. किमी. आहे. २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोलीची लोकसंख्या १०,७२,९४२ असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सु. ३८·७ टक्के होते. गोंड, माडिया गोंड, परधान, हलबा, कोलाम इ. जमाती या प्रदेशात राहतात. माडिया गोंडांची गणना विशेष असुरक्षित जमातींत होते.

या दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये प्रदीर्घ काळ १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाशी संलग्न होती. सिरोंचापासून नागपूर रस्त्याने तीनशे किमी. हून दूर आहे. विद्यार्थ्याच्या तक्रारीस विद्यापीठापर्यंत पोहोचण्यास एवढे अंतर तोडावे लागे. २७ सप्टेंबर २०११ रोजी गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठाची स्थापना झाली आणि दोन्ही जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात आले. आयोगाचे विनियम त्याआधी दोन वर्षे अंमलात आलेले असल्याने त्यांच्याशिवायचा काळ या विद्यापीठाने पाहिलेला नाही. चंद्रपूर येथे १९९६ मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय व २०१५ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. वैद्यकीय महाविद्यालयाचे नियंत्रण नासिक येथील आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे असल्याने तेथील विद्यापीठीय अहवाल राज्याच्या दुसऱ्या टोकास जातो. विद्यापीठ जवळ आले तरी अंतराचा प्रश्न पूर्णतः सुटला नाही. सिरोंचा गडचिरोलीपासून सु. दोनशे किमी. आहे; भामरागड व एटापल्ली तालुक्यांतील अनेक गावांतून तालुक्याच्या ठिकाणी येणेही सोपे नसते.

नवागताची परिस्थिती : दक्षिण गडचिरोलीतील विद्यार्थ्याचे शिक्षण बहुधा आश्रमशाळेत होते. हेमलकसा येथील लोकबिरादरी प्रकल्पाची (१९७३) आश्रमशाळा १९७६ मध्ये सुरू झाली. ती व शासकीय आश्रमशाळा यांतून पहिल्या पिढीचे अनेक विद्यार्थी महाविद्यालयापर्यंत पोहोचले. त्यांची घरची भाषा माडिया वा गोंडी असते. सिरोंचाकडे तेलुगू, चामोर्शी-मुलचेरा भागातील वसाहतींत बंगाली आणि पूर्वेकडे छत्तीसगढी बोलली जाते. महाविद्यालयात नागर मराठी व इंग्रजी यांचा व्यवहार असतो. उच्चारावरून, पोशाखावरून, गावाच्या नावावरून वा शिष्यवृत्तीवरून केलेली टिंगल ही अशा विद्यार्थ्याच्या वाट्यास येऊ शकणाऱ्या छळाची पहिली पायरी होय. २०१६ पूर्वी तिला केवळ सर्वसाधारण व्याख्येचाच आधार होता.

वसतिगृहातील जागा ही या विद्यार्थ्याच्या शिक्षणाची अट असते. ती गेली तर शहरात खोली करून राहणे परवडत नाही आणि शिक्षण सुटते. आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे महाविद्यालयाच्या आवाराबाहेर असतात; तेथे छळ झाल्यास जबाबदारी महाविद्यालयाच्या प्राचार्यांची की विभागाच्या गृहपालाची, असा प्रश्न उद्भवू शकतो. अधिनियमाची बंदी आवाराबाहेरही लागू असल्याने अपराधाविषयी संशय राहत नाही. खबर प्रथम कोणी द्यावयाची, हे मात्र दोन्ही कार्यालयांनी आधीच ठरवून ठेवले नाही, तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवील, असा धोका असतो.

ऋतुमानाचाही येथे विचार करावा लागतो. प्रवेशाचा व त्यानंतरचा काळ म्हणजे जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा पावसाळा होय. रॅगिंगचा संभव याच महिन्यांत सर्वाधिक असतो, म्हणूनच विनियमांनी पहिल्या तीन महिन्यांसाठी साप्ताहिक अहवाल लावून दिला आहे. पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती या नद्यांना पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. दूरध्वनीची सोयही या भागात दीर्घ काळ विरळ होती. विद्यार्थ्यास आधाराची सर्वाधिक गरज असते त्याच दिवसांत त्याचे पालक त्याच्यापर्यंत पोहोचू शकत नाहीत. प्रतिज्ञापत्र पुढे ऑनलाइन भरावयाचे झाले; ते अर्जदारास अवगत भाषेत असावे, असा विनियमांचा हेतू असला, तरी केवळ माडिया बोलणाऱ्या पालकास त्यातील मजकूर कोणी तरी समजावून सांगितल्याशिवाय तो हेतू सफल होत नाही.

‘खबर’ या शब्दाची पार्श्वभूमी : १९८० नंतर गडचिरोलीत नक्षलवादी चळवळीने मूळ धरले. पोलिसांचा खबऱ्या असल्याच्या संशयावरून या जिल्ह्यात अनेक गावकऱ्यांच्या हत्या झाल्या. दुसऱ्या बाजूस, तरुण आदिवासींकडे नक्षलवाद्यांचे साहाय्यक म्हणून संशयाने पाहिले जाई. पोलीस ठाण्यात जाताना कोणाच्या तरी नजरेस पडणे हीच भीतीची गोष्ट होती. २०२५ पर्यंत चळवळीचा जोर पुष्कळ ओसरला आणि त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तिच्या एका ज्येष्ठ नेत्याने अनेक साथीदारांसह गडचिरोलीत शरणागती पत्करली. परंतु दोन-तीन पिढ्यांनी अंगी बाणवलेली सावधगिरी तेवढ्याने नाहीशी होत नाही. अशा प्रदेशातून आलेल्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने वसतिगृहातील वरिष्ठाविरुद्ध स्वतः ठाण्यात जावे, ही अपेक्षा वास्तवाला धरून नाही. खबर देण्याचे कर्तव्य संस्थाप्रमुखाकडे सोपविल्याने येथे विद्यार्थ्याचे संरक्षण होते, ते केवळ रॅगिंग करणाऱ्यापासून नव्हे, तर खबर देणारा म्हणून उघडे पडण्यापासूनही. खबर देणाऱ्याची ओळख गुप्त ठेवण्याच्या तरतुदीस म्हणूनच या जिल्ह्यांत अन्यत्रापेक्षा अधिक अर्थ आहे.

ज्येष्ठता व छळ : ज्येष्ठांनी कनिष्ठांस वळण लावावे ही कल्पना या प्रदेशास परकी नाही. गोंड समाजातील गोटुल ही संस्था प्रसिद्ध आहे. गडचिरोलीलगतच्या बस्तरमधील मुरिया गोंडांच्या गोटुलाचे सविस्तर वर्णन व्हेरिअर एल्विन यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केले आहे. तेथे नव्या सदस्यास नाव व काम मिळे, जळाऊ लाकूड आणणे यांसारखी कामे ठरलेली असत आणि कसूर करणाऱ्यास दंड होई. गडचिरोलीतील माडियांमध्ये गोटुल हे प्रामुख्याने गावाचे एकत्र येण्याचे ठिकाण आहे. दोन्ही ठिकाणी ज्येष्ठांचा अधिकार गावाला ठाऊक असलेल्या नियमांनी बांधलेला असतो. बंद दाराआडील वसतिगृहात त्या अधिकारास असे बंधन नसते. तेव्हा ज्येष्ठता मोडणे हा कायद्याचा उद्देश नसून तिला उत्तरदायी करणे हा आहे, असे म्हणता येईल. सहा नवागतांमागे एक मार्गदर्शक नेमण्याची तरतूद याच विचाराशी जुळते. मार्गदर्शक त्याच तालुक्याचा व तीच भाषा बोलणारा असल्यास नवागतास आपली अडचण घरच्या भाषेत सांगता येते.

मूल्यमापन : गेल्या पाव शतकात महाराष्ट्रातील रॅगिंगविषयक नियम कठोर व तपशीलवार झाले आहेत. त्यांच्या यशाबद्दल मात्र केवळ कागदोपत्री अहवालांवरून निष्कर्ष काढता येत नाही. महाविद्यालयाच्या साप्ताहिक अहवालात ‘निरंक’ अशी नोंद असते तेव्हा तिचे दोन अर्थ संभवतात : काही घडले नाही, किंवा जे घडले ते प्रमुखापर्यंत पोहोचले नाही. संस्थेचा लौकिक जपण्याची प्रमुखाची स्वाभाविक इच्छा आणि खबर न दिल्यास त्यास होऊ शकणारी शिक्षा यांच्यात एक ताण कायम राहतो. कायद्याने दुसऱ्या बाजूस वजन टाकले आहे. उलटपक्षी, दोषी विद्यार्थीही बहुधा तरुण व अननुभवी असतो. पाच वर्षांच्या प्रवेशबंदीने त्याचे शिक्षण संपुष्टात येऊ शकते, आणि तो स्वतः पहिल्या पिढीचा विद्यार्थी असल्यास ही हानी त्याच्या कुटुंबासही सोसावी लागते. म्हणून चौकशी तत्पर असावी, त्याचबरोबर ती निष्पक्ष असावी आणि दोन्ही बाजूंना आपले म्हणणे समजेल अशा भाषेत मांडता यावे, हे आवश्यक आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या प्रदेशात नियमांची कसोटी शिक्षेच्या संख्येवरून लागत नाही. नवागतास कोणाकडे जावयाचे हे ठाऊक आहे काय, त्याची भाषा समजणारा माणूस तेथे आहे काय, महाविद्यालय व वसतिगृह यांच्यात जबाबदारीची वाटणी स्पष्ट आहे काय, आणि पावसाळ्यातील पहिल्या तीन महिन्यांत अधीक्षक स्वतः खोल्यांची पाहणी करतात काय, या साध्या गोष्टींवर ती अवलंबून आहे. छळामुळे घरी परतलेला विद्यार्थी बहुधा परत येत नाही. त्याच्या गळतीची नोंद गैरहजेरी वा आर्थिक अडचण या सदरांखाली होऊ शकते. उच्च शिक्षणापर्यंत पोहोचणाऱ्यांची संख्या ज्या गावांत बोटांवर मोजण्याइतकी आहे, तेथे असा एक विद्यार्थी गमावणे ही त्या गावाच्या पुढील पिढीचीही हानी असते.

पहा : आदिवासी, आश्रमशाळा, गडचिरोली जिल्हा, गोंड, चंद्रपूर जिल्हा, विद्यापीठ अनुदान आयोग.